शनिवारवाड्यातल्या किंकाळीची गोष्ट नक्की किती जुनी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. परवा भाचीला शनिवारवाडा दाखवायला नेलं होतं. दिल्ली दरवाजाचे खिळे बघताना तिने विचारलं, "मामा, अमावस्येला इथे 'काका, मला वाचवा' असं खरंच ऐकू येतं का?" मला नीट उत्तर देता आलं नाही, आणि ते अजून टोचतंय.

३० ऑगस्ट १७७३ ला गारद्यांनी नारायणरावांना मारलं, हा इतिहास. पोरगा जेमतेम अठराचा होता हो! रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी ठरवलं, हेही ठाऊक आहे. पण १८२८ च्या आगीत आतला वाडा जळून गेला. उरलेत ते तट, दरवाजे आणि जोती. संध्याकाळनंतर आत कोणाला सोडत नाहीत. मग आवाज ऐकला कोणी? बाहेर तर रात्रीही गाड्यांची वर्दळ असते.

किंकाळीचा उल्लेख एखाद्या जुन्या बखरीत, गॅझेटियरमध्ये किंवा वर्तमानपत्रात कोणी वाचलाय का? शनिवार, कसबा पेठेत वाढलेल्यांनी आजी-आजोबांकडून काय ऐकलं, तेही कृपया सांगा. 'मी स्वतः ऐकलं' म्हणणारं कोणी असेल, तर नेमकं कुठे उभे होतात, एवढं जरूर लिहा.