आई-बाबांनंतर दादानं राहायचं कुठं?

बावड्याची लेक:
आम्ही कोल्हापुरातल्या बावड्याचे. माझा दादा ३८ वर्षांचा आहे. त्याला स्किझोफ्रेनिया आहे, पण गोळ्या नियमित चालू आहेत आणि आता भास होत नाहीत. उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगला जातो. कुकर लावतो, कपडे धुतो. गोळ्यांची आठवण मात्र करून द्यावी लागते, आणि पगार हातात आला की मागेल त्याला देऊन टाकतो. आई-बाबा सत्तरीपुढचे, मी सासरी इचलकरंजीत. नातेवाईक म्हणतात, आश्रमात ठेवा. तेव्हापासून आईला झोप नाही. कुणीतरी घरौंदा योजना सुचवली. काय करू?

निवृत्त समाजसेवा अधीक्षक:
ताई, घरौंदाच्या मागं लागू नका. ती केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची, राहण्याची सोय करणारी योजना. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता एवढ्यांसाठीच. स्किझोफ्रेनिया त्यात बसत नाही.

हाफवे होम म्हणजे दवाखान्यातून सुटल्यावर काही काळ राहायची जागा. तुमचे दादा त्याच्या पुढं आलेत, कामावर जातात. त्यांच्यासारख्यांना ग्रुप होम बरं. साध्या वस्तीतलं भाड्याचं घर, चार-पाच जण, मदतीला एखादी कार्यकर्ती. चेन्नईच्या 'द बनयन' संस्थेनं 'होम अगेन' नावानं अशी घरं चालवून दाखवली. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १९ नं समाजात राहायचा हक्क दिलाय आणि अशा सोयी उभ्या करायची जबाबदारी सरकारवर टाकलीय. तरी घरं फार थोडी आहेत. नोकरीभर मी हे बघितलं, अजून जिवाला लागतं.

कुठलीही जागा बघायला गेलात तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी विचारा. चकचकीत फरशीवर जाऊ नका, स्वयंपाकघरात जा. राहणाऱ्या माणसाला मनात येईल तेव्हा स्वतः चहा करून घेता येतो का? मोबाइल जवळ असतो का? दाराला कुलूप कुठल्या बाजूनं लागतं?

सावरलेला:
मी पुण्यात अशा घरात राहिलोय. सुरुवातीला गोळ्या तिथल्या ताई हातात द्यायच्या. पुढं आठवड्याची डबी मी भरायचो, त्या रविवारी फक्त नजर टाकायच्या. भाजी आणायची पाळी असायची, टीव्हीवरून भांडणं व्हायची. पेशंट म्हणून कुणी वागवत नव्हतं, याचं मोल मला फार आहे. दादांना विचारलंत का?

बावड्याची लेक:
आज विचारलं. बावडा सोडणार नाही म्हणाला. काम इथं, संध्याकाळी राजाराम बंधाऱ्यावर फेरी, ओळखीची माणसं सगळी इथलीच.

निवृत्त समाजसेवा अधीक्षक:
मग प्रश्न निम्मा सुटला. घर तेच ठेवा, आधार घरात आणा. एका वेळचा खानावळीचा डबा लावा. विश्वासातल्या माणसानं आठवड्यातून एकदा येऊन गोळ्यांची डबी बघावी. पगार एका खात्यात, खर्चाची ठरावीक रक्कम दुसऱ्या खात्यात, आणि एटीएम कार्ड त्या दुसऱ्या खात्याचंच. हे दादांशी बोलून, त्यांच्या होकारानं.

आई-बाबा आहेत तोवर वकिलाकडून मृत्युपत्र करून घ्या. त्यात दादांचा त्या घरात तहहयात राहायचा हक्क स्पष्ट लिहा. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे दादा स्वतः साध्या कागदावर सही करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात साथ देणारा माणूस, नेमू शकतात. कोण हवं ते त्यांनाच ठरवू द्या. सीपीआर या सरकारी रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशी करा, सवलतींसाठी ४० टक्के दिव्यांगत्वाची अट असते. आईंना बोलावंसं वाटलं तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.