पोट्टे रातभर मोबाईल पाहतात, मग मोटर कोन पाहते?

कोरडवाहू
कालपासून एक पोस्ट सगळ्या ग्रुपवर फिरून राहिली. लिहिणारे कोणी प्राध्यापक दिसतात. म्हणणं एवढंच, की कॉलेजचे पोट्टे पहिल्याच तासाला बाकावर मान टाकतात, कारण रात्री दोनपर्यंत रील पाहतात. मायबापांनी दहा वाजता मोबाईल काढून घ्यावा, झोप आपोआप सुधरते. खाली अंगठ्यांचा पाऊस.

सर, मोबाईल काढून घेतला तर पोट्टं वावरात अंधारात जाईन, एवढाच फरक पडन. टॉर्च त्याच्यातच असते ना!

हरभऱ्याच्या दिवसांत आमच्या फीडरवर, म्हणजे वावराकडं येणाऱ्या विजेच्या तारेवर, मोटरीची थ्री फेज लाईन काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की बाप आणि पोरगं वावरात. तुषार सिंचनाचे पाईप ओढून दुसऱ्या पट्ट्यात लावायचे, तेही डिसेंबरच्या थंडीत, ओल्या हातानं. मधात फेज गेला तर डीपीपर्यंत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपर्यंत, पायी. पाणी संपलं की रानडुकरं पीक खाऊ नये म्हणून जागल. पहाटे घरी येऊन पाठ टेकते न टेकते तोच सहाची मुक्कामी गाडी निघते. ती चुकली तर दुसरी थेट दुपारी. असं पोट्टं तुमच्या तासाला येऊन बसते हेच उपकार समजा.

निवांत मास्तर
ती पोस्ट माझी नाही, पण मला पटलेली आहे. चित्र छान रंगवलंत, आता हिशेब करू. विदर्भातलं बहुतांश वावर कोरडवाहू, तुमचं टोपणनावच साक्षीला आहे. वर्गात ओलितवाल्यांची पोरं किती असतील? मूठभर. मग बाकीचे कोणाच्या मोटरीपायी झोपतात? हंगाम संपला तरी जुलैत झोपतात, सप्टेंबरमध्ये झोपतात. मी मागच्या बाकाजवळ उभा राहून पाहिलं आहे. डोळे मिटलेले, आणि पुस्तकाखाली स्क्रीन चालू.

कोरडवाहू
विहीर मागाहून खोदली, नाव बदलायची फी लागते का? आणि जुलैत डुकरं सुट्टीवर जातात हे मला माहीत नव्हतं. कपाशी-तुरीच्या जागलीला ओलित लागत नाही, सर.

डीपीवाला भाऊ
मले एक समजत नाई. ऑटो लावा ना बे! लाईन आली का मोटर आपोआप चालू होते. पोट्ट्याले कायले जागवता?

कोरडवाहू
ऑटो मोटर चालू करते, पाईप उचलून देते का? आणि महावितरणच सांगते की ऑटो काढा, कपॅसिटर लावा. लाईन आल्याबरोबर सगळ्या मोटरी एकदम उठल्या की डीपी उडतो. मग आठ-आठ दिवस कोणाचंच ओलित नाही. गावात डीपी जळला की पहिली शिवी ऑटोवाल्याले पडते, तुमाले ठाऊक नाई काय?

सोलरवाला
रात्रीच्या लाईनीचं रडगाणं अजून कशाला? 'मागेल त्याला सौर कृषी पंप' २०२४ मध्ये आली. सर्वसाधारण गटाला १० टक्के, एससी-एसटीला ५ टक्के भरायचे. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्याच्यावर साडेसात. मी घेतला. दिवसा पाणी, रात्री मस्त झोप. न घेणाऱ्यांनी कॉलेजच्या सरांशी भांडू नये.

वऱ्हाडी ठेचा
हे आले प्लेटा विकाले. भाऊ, माह्या विहिरीले पाणी ७० फुटावर. ढग आले का तुह्या सोलरची धार पोट्ट्याच्या मुताएवढी. पैसे भरून वाट पाहणारे आमच्या गावात बसून हायेत. आन साडेसात एचपीपर्यंत लाईनीचं बिल माफ केलं त्याच साली. फुकटची लाईन सोडून कोन जाते? पहिले फीडर दिवसा चालू करा, मंग शिकवा.

सोलरवाला
फुकट पाहिजे म्हणून रात्री जागता, आणि झोपेचं खापर सरकारवर! मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी २०१७ पासून त्याचसाठी आहे. जिथं फीडर त्या योजनेतल्या सौर विजेवर गेला तिथं दिवसा लाईन येते. आमदाराला विचारा तुमचा का गेला नाही. आणि तोंड सांभाळून बोला.

वऱ्हाडी ठेचा
आमदाराले तूच इचार, तुह्यासोबत फोटो हाय ना त्याचा. माह्या भावाले मोटर चालू करताना करंट लागला, रातच्या दोनले, पायाखाली चिखल. वाचला तो. तेव्हापासून माय त्याले एकट्याले जाऊ देत नाई, म्हून मी बी जातो. बीएस्सीचा प्रॅक्टिकलचा पेपर मी तसाच देला. प्लेटा सांगते मले!

सोलरवाला
भावाचं वाईट वाटलं. बाकी मुद्दा तोच.

सहाची गाडी
सगळे पोट्ट्यांचीच झोप मोजून राहिले. आमच्या घरी भाऊ जागलीवरून आला की "थकला बिचारा" म्हणून आठपर्यंत झोपतो. मी पाचला उठून नळाचं पाणी भरते, त्याचा डबा, माझा डबा, मग गाडी. रात्री सगळ्यांचं आवरल्यावर अभ्यास. माझ्या डोळ्याखालच्या काळ्यावर कोणी पोस्ट लिहीत नाही. आणि हो, मी रील पाहते. दिवसातली तेवढीच अर्धी घडी माझी असते. ती काढून घ्यायला या, मग बोलू.

निवांत मास्तर
याला माझ्याकडे उत्तर नाही. पण अर्ध्या घडीची दीड कधी होते तेही लिहा.

पीएचसी ड्यूटी
मी रात्रपाळीतच असतो, म्हणून दोन शब्द. झोपेची प्रत मोजायला पिट्सबर्गची प्रश्नावली वापरतात, १९८९ ची. प्रश्न १९, गुण ५ च्या वर गेले की झोप वाईट. खोकला, थंडी, उकाडा, वाईट स्वप्नं, दुखणं अशी कारणं तिच्यात छापलेली आहेत, आणि शेवटी "इतर कारण असल्यास लिहा". आपल्याकडची लाईन, डुक्कर आणि मुक्कामी गाडी त्या "इतर"मध्येच कोंबावी लागणार.

मोबाईलचा दोष आहेच, उजेडानं मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ सांगणारं संप्रेरक, उशिरा सुटतं. पण या वयात शरीराचं घड्याळच उशिरा धावतं, ते विशीच्या आसपास सर्वात मागे असतं. म्हणजे मोबाईल नसलेलं पोरगंही नऊला झोपणार नाही. आणि उन्हाळी परीक्षा कधी असते? ब्रह्मपुरी-चंद्रपूरला पारा ४५ च्या वर असतो तेव्हा. झोप लागायला शरीर आतून थोडं थंड व्हावं लागतं. स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला, लाईन गेली की कूलर बंद. त्यात रात्री दहाला काळा चहा. पाच-सहा तासांनी त्यातलं अर्धं कॅफिन अंगात असतंच.

भरतीवाला
आम्ही चारला उठून १६०० मीटर मारतो रोडवर. वर्गात झोपतो, मान्य. तासिकेवरचे, म्हणजे तासागणिक पैसे ठरलेले सर महिनामहिना पगाराविना शिकवतात, तेही जांभया देतात. त्यांच्यावर लिहा एखादी पोस्ट.

निवांत मास्तर
मी तासिकेवरच आहे. जांभई पगाराची आहे, मोबाईलची नाही.

बरं, पीएचसीवाल्यांचं घड्याळ घेतलं. चौथीपर्यंतच्या लेकरांची शाळा ९ च्या आधी भरवू नका असा जीआर २०२४ मध्ये निघाला. कॉलेजचा साडेसातचा तास कोणाला दिसत नाही, हेही खरं. तो पुढे ढकलायला माझी ना नाही. पण आगाराची गाडी सहालाच निघणार, पोरं दोन तास स्टँडवर काय करतील? मोबाईल पाहतील!

कोरडवाहू
झोपतील, सर. बाकं आहेत तिथं.

निवांत मास्तर
ठीक. हरभऱ्याच्या हंगामात ओलितवाल्याला पहिल्या तासाची हजेरी देतो. सातबारा आणून दाखवावा, त्यावर विहिरीची नोंद पाहिजे.

वऱ्हाडी ठेचा
विहिरीची नोंद? तलाठी साहेबाले भेटून राहिलो तेव्हापासून तर मले झोप येत नाई!

सोलरवाला
म्हणूनच तुमचा सोलरचा अर्ज अडकला असेल. आधी सांगायचं ना.

वऱ्हाडी ठेचा
तुले कायले सांगू?