चार बँड, चारही गायिका, आणि स्टेजवर मलाच ऐकू न येणारा माझा आवाज

खालची_पट्टी

नमस्कार मंडळी. पाच जणांच्या रॉक बँडमध्ये मी गाते. दोन गिटार, बेस, ड्रम्स आणि मी. पुढच्या महिन्यात एका क्लबमध्ये चार स्थानिक बँडची रात्र आहे आणि चारही बँडमध्ये पुढे गाणारी बाई आहे. आमचा नंबर तिसरा, वेळ ४० मिनिटं.

मागच्या वेळी काय झालं ते आधी सांगते. दुसऱ्या गाण्याच्या मध्यातच मला माझा आवाज ऐकू येईना. पाठीमागून झांजा, उजवीकडून गिटार, आणि माझा आवाज कुठे गेला ते कळेना. मग मी जोर लावला. चौथ्या गाण्यात वरचा सूर फाटला, पाचव्यात घसा बसला. पुढचे दोन दिवस मी घरात खुणांनी बोलत होते. खाली उतरल्यावर एकाने सहज म्हणावं तसं म्हटलं, ‘बायकांचा आवाज पातळच असतो, रॉकमध्ये टिकत नाही.’ ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. सात वर्षं गातेय, रियाज चुकवत नाही, आणि माझा आवाज पातळ नाही, चांगला भरदार आहे. मग तो जातो कुठे?

अजून एक अडचण आहे. आमची अर्धी गाणी माझ्याआधीच्या गायकाने बसवलेली आहेत. त्याच्याच सुरांत गायले तर आवाज तोंडातल्या तोंडात राहतो, सप्तक वर नेलं तर ओरडल्यासारखं होतं. गिटारवाले म्हणतात, पट्टी बदलली तर रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, मरतो.

आणि पोस्टरवर मोठ्या अक्षरांत ‘फीमेल-फ्रंटेड’, म्हणजे पुढे बाई असलेले बँड, असं लिहिणार आहेत. आमची बेसिस्ट या शब्दावर नाराज आहे. मला नक्की काय वाटतं ते ठरत नाहीये. तुमचं मत सांगा.

मिक्सरमागे

ताई, आधी ते ‘पातळ आवाज’ डोक्यातून काढून टाका. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, बाई असो वा पुरुष. याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. १९११ मध्ये एतियेन लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरांनी तो नोंदवला. स्वतःचा आवाज कानावर आला नाही की घसा आपोआप जोर लावतो, तो तुम्ही ठरवून लावत नाही. त्यामुळे इलाज घशावर करू नका, स्टेजवर करा.

लहान क्लबमध्ये सगळ्यात मोठी गडबड गिटारच्या अँपची असते. अँप जमिनीवर, स्पीकरचं तोंड गिटारवाल्याच्या पोटऱ्यांकडे. गिटारचा तीक्ष्ण भाग स्पीकरमधून सरळ रेषेत जातो, म्हणून त्याला स्वतःला तो ऐकू येत नाही आणि तो व्हॉल्यूम वाढवत राहतो. समोरच्या रांगेतल्या माणसाचे मात्र कान फाटतात. अँप खुर्चीवर ठेवा नाहीतर मागे कलता करा, त्याच्या कानाकडे तोंड करून. तो आपण होऊन आवाज कमी करेल. वीस वर्षांत हा उपाय मला क्वचितच फसलेला दिसला.

आता माइक. ओठ जाळीला जवळजवळ लागलेले हवेत. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. एका इंचावरून चार इंचांवर गेलात की १२ गेले. मग मी इथून गेन, म्हणजे माइकची आवाज पकडायची ताकद, वाढवतो, आणि त्या गेनमधून तुमच्यामागच्या झांजा आत येतात. छोट्या स्टेजवर गायिकेचा माइक हाच झांजांचा सगळ्यात मोठा माइक होऊन बसतो.

जाळी मुठीत धरू नका. फोटोत छान दिसतं, पण त्याने माइकची मागची छिद्रं बंद होतात, मग तो चारी बाजूंचं ऐकायला लागतो आणि शिट्टी मारतो. क्लबमध्ये बहुतेक एसएम ५८ हा माइक असेल. तो कार्डिऑइड आहे, म्हणजे समोरचं जास्त ऐकणारा आणि बरोबर पाठीमागच्या दिशेला सर्वांत बहिरा. म्हणून मॉनिटर, म्हणजे तुम्हाला तुमचा आवाज ऐकवणारा स्टेजवरचा स्पीकर, अगदी तुमच्या समोर हवा, माइकची शेपटी त्याच्याकडे. सुपरकार्डिऑइड, म्हणजे त्याहून अरुंद ऐकणारा माइक, मिळाला तर त्याची बहिरी जागा थोडी बाजूला असते, तेव्हा मॉनिटर तिरका ठेवायचा.

आणि साउंडचेकला ‘माझा आवाज वाढवा’ एवढंच म्हणू नका. ‘मॉनिटरमधून किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) काढा, गिटार कमी करा’ असं म्हणा. वाढवायला जागा थोडी असते, काढायला भरपूर.

सहा_तारा

मी गिटार वाजवते आणि मागे गातेही, त्यामुळे रिफ मरण्याचं ते भांडण मला घरचंच आहे.

पुरुषाच्या आणि बाईच्या सोयीच्या पट्टीत ढोबळमानाने चार-पाच स्वरांचं अंतर असतं, पूर्ण सप्तकाचं नाही. म्हणून तुझी दोन्हीकडून कोंडी होतेय. त्याच्याच सप्तकात राहा, पण त्याच्या मध्यमाला तुझा सा धर. गाणं ई या पट्टीत असेल तर ए मध्ये येईल. ए ची तार गिटारवर मोकळी आहेच, रिफ एक तार खाली सरकतो आणि बहुतेक वेळा तसाच वाजतो. फार थोडे रिफ खरोखर ई च्या जाड तारेवरच जगतात. त्यांच्यासाठी सगळ्या तारा अर्ध्या स्वराने उतरवून बघा. अर्धा स्वरसुद्धा वरच्या टोकाला किती आराम देतो, ते गाणाऱ्यालाच कळतं. आणि एखादं गाणं यातल्या कशातच बसलं नाही तर रिफ राहू दे, चाल बदल. चाल तुझी आहे, तुला हक्क आहे.

गिटारवाल्यांना एक अजून सांग. साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात शब्दांची व्यंजनं असतात आणि डिस्टॉर्शनवाल्या, म्हणजे खरखरीत आवाजाच्या, दोन गिटारी नेमक्या तिथेच बसतात. तू गात असताना एकाने मिड, म्हणजे मधला आवाज, थोडा कमी करावा, किंवा अंतऱ्यात एकानेच वाजवावं. मी हे आमच्या बँडमध्ये मागितलं तेव्हा दोन आठवडे अबोला होता. मग रेकॉर्डिंग ऐकल्यावर सगळ्यांना पटलं.

कानात प्लग घाल, फोमचे का असेनात. ८५ डेसिबलला आठ तास सुरक्षित धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० ला पंधरा मिनिटं. स्टेजवर १०० सहज होतात. शिवाय प्लग घातल्यावर स्वतःचा आवाज हाडांतून ऐकू येतो, त्यामुळे ताण पडत नाही. पहिले दोन दिवस विचित्र वाटेल, म्हणून तालमीतच सवय कर.

जुन्या_तबकड्या

मी पोस्टरबद्दल बोलतो. तुमच्या बेसिस्टची नाराजी मला अगदी बरोबर वाटते. ब्लाँडी या बँडच्या बाबतीत लोक त्यांच्या गायिकेला, डेबी हॅरीलाच, ‘ब्लाँडी’ समजायला लागले, तेव्हा ‘ब्लाँडी हा एक ग्रुप आहे’ असे बिल्ले काढावे लागले होते. पुढे बाई उभी असली की बघणाऱ्याला बाकीचे दिसेनासे होतात, आणि मागे बेस किंवा ड्रम्सवर बाई असेल तर ती दुप्पट अदृश्य होते.

दुसरं म्हणजे ‘फीमेल-फ्रंटेड’ हा काही संगीताचा प्रकार नाही. सुझी क्वात्रो १९७३ मध्ये हातात बेस घेऊन ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचली. हार्ट या बँडमध्ये ॲन विल्सन गायची आणि तिची बहीण नॅन्सी गिटारवर. पॅटी स्मिथ कविता म्हणता म्हणता गाण्यात शिरायची. १९७० मध्ये मोठ्या कंपनीकडून अख्खा अल्बम काढणाऱ्या फॅनी या बँडमध्ये तर चौघीही बायका. यांना एका खोक्यात घालून ऐकणाऱ्याला काय कळणार? तुमच्या चार बँडपैकी एक मेटल आणि एक पंक असेल तर ते लिहा ना.

पण रात्र नाकारू नका असं मनापासून सांगतो. १९७५ मध्ये रनअवेज हा मुलींचा बँड सुरू झाला तेव्हा त्या मुली शाळेच्या वयाच्या होत्या. समोर बघून शिकावं असं त्यांना फार थोडं होतं. तुमच्या रात्री समोर एखादी पंधरा वर्षांची मुलगी उभी असेल आणि तिला एकाच संध्याकाळी चार वेगवेगळ्या तऱ्हा दिसतील. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

चौथा_ठोका

ड्रमर आहे, थोडक्यात लिहितो. चार बँड म्हणजे तीन अदलाबदली. ड्रम किट एकच ठेवा, प्रत्येकाने स्नेअर (मधला कडक वाजणारा ड्रम), झांजा आणि किकचं पेडल आपलं आणायचं. अँपही दोनच ठेवा, सगळ्यांत मिळून. साउंडचेक उलट्या क्रमाने, शेवटचा बँड आधी, म्हणजे पहिल्या बँडचा सेट तयार उभा राहतो. तुम्ही तिसऱ्या आहात, तुम्हाला मध्ये फक्त लाइन चेक मिळेल, म्हणजे प्रत्येक माइक-वाद्याचा आवाज येतोय का एवढी घाईची तपासणी. म्हणून मॉनिटरमध्ये काय हवं ते कागदावर लिहून मिक्सरवाल्याच्या हातात द्या. आणि तुमच्या ड्रमरला झांजा थोड्या वर आणि तुमच्या पाठीपासून लांब लावायला सांगा. आम्ही ऐकतो, फक्त कुणी सांगत नाही.

खालची_पट्टी

झाली रात्र! उशिरा लिहितेय, माफ करा, पण आवाज शाबूत आहे हे आधी सांगते.

पाच गाणी ए मध्ये आणली. एका गाण्याचा रिफ खरंच मेला, म्हणून ते ई मध्येच ठेवलं आणि चाल बदलली. आता मला नवीच जास्त आवडते. अँप खुर्चीवर ठेवल्यावर आमचा गिटारवाला दोन मिनिटं वाजवत राहिला, मग वळून म्हणाला, ‘हे एवढं टोचतं?’ आणि स्वतःच बटण खाली केलं. मिक्सरमागे, तुम्हाला नमस्कार.

लाइन चेकला कागद दिला. वर दोनच ओळी होत्या: किक नको, माझा आवाज आणि डावी गिटार एवढंच. बाईंनी, हो, मिक्सरवर बाई होत्या, कागद वाचून अंगठा दाखवला आणि पहिल्या ओळीपासून मला माझा श्वास ऐकू आला. शब्द नाही, श्वास. गाण्याआधी घेतलेला. तो स्टेजवर मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. त्यानंतर ओरडायची गरजच पडली नाही. सहाव्या गाण्यात वरचा सूर धरायचा होता, तो धरला आणि तिथेच राहून थोडा हलवलासुद्धा.

पोस्टरचं आम्ही चौघींनी, म्हणजे चारही बँडच्या गायिकांनी, एकत्र फोन करून मागितलं. आयोजक लगेच तयार झाले. वर नुसतं ‘चार बँड’, खाली प्रत्येकाचा प्रकार आणि सगळ्या वादकांची नावं. आमच्या बेसिस्टने ते पोस्टर घडी न घालता गुंडाळून घरी नेलं.

पहिला बँड वाजवत असताना आम्ही तिघी पडद्याच्या कडेला उभ्या होतो. त्यांच्या गायिकेची तार निघाली, म्हणजे माइकची, तर चौथ्या बँडची मुलगी धावत जाऊन ती बसवून आली. गाणं थांबलं नाही.

आता एक प्रश्न उरलाय. प्लग घातल्यावर ‘स’ आणि ‘श’ मला फार बोथट ऐकू येतात आणि मी ते नको इतके जोरात म्हणते, हे रेकॉर्डिंगमध्ये दिसलं. सहा_तारा, याला तू काय करतेस?

सहा_तारा

एकाच कानात पूर्ण घाल, दुसऱ्यात सपाट फिल्टरवाला. फोमचा वरचे आवाज जास्त खातो, फिल्टरवाला सगळे सारखे कमी करतो. आणि ते नव्या चालीचं रेकॉर्डिंग पाठव.