मदत हवी आहे: रिपोर्टच्या लिंकवर दुसऱ्यांचेच रिपोर्ट उघडतायत, कळवायचं कुणाला?

मृण्मयी_गिरगाव · सोमवार, रात्री ९:४०

घाईत लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. शनिवारपासून डोकं चालेनासं झालंय.

बाबांचे रक्ताचे रिपोर्ट हॉस्पिटलकडून एसएमएसमधल्या लिंकवर येतात. बाबांकडे साधा बटणांचा फोन, त्यामुळे तो शेजारी ठेवून मी लिंक बघून बघून लॅपटॉपवर टाइप करते. शनिवारी शेवटचा आकडा चुकला, ७ च्या जागी १ पडला. उघडला तो एका बत्तीस वर्षांच्या बाईचा रिपोर्ट. वर नाव, वय, मोबाइल नंबर, चाळीचं नाव आणि खोली नंबर. खाली जी तपासणी होती ती तिने घरात कुणाला सांगितली असेल असं मला वाटत नाही. पासवर्ड नाही, ओटीपी नाही, काही नाही.

लगेच फोन केला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमचा रिपोर्ट मिळाला ना? मग झालं." ईमेल केला, उत्तर नाही. आज दुपारी एका माणसाचा फोन आला. म्हणे सॉफ्टवेअर त्यांचं आहे, मी केलं ते हॅकिंग आहे, माझा आयपी ॲड्रेस त्यांच्याकडे आहे आणि ते पोलिसांत जाणार आहेत.

हे कुणाला कळवलं म्हणजे खरोखर बंद होईल? आणि माझ्यावर केस होऊ शकते का? प्लीज लवकर सांगा.

ठाणेकर_विनय · रात्री ९:५२

ताई, अजिबात वेळ घालवू नका. १९३० ला फोन लावा आणि बँकेला सांगून खातं गोठवून घ्या. माझ्या मेव्हण्याचे वीजबिलाच्या मेसेजवरून अठ्ठेचाळीस हजार गेले होते, पहिल्या तासात फोन केला म्हणून अर्धे तरी वाचले. तुमचे किती गेले?

मृण्मयी_गिरगाव · रात्री ९:५५

दादा, पैसे गेलेले नाहीत. प्रश्न रिपोर्टचा आहे.

नेटवर्कवाला · रात्री १०:१०

आधी माहिती पूर्ण द्या, नाहीतर सगळे अंधारात बाण मारत बसतील. हॉस्पिटल सरकारी, पालिकेचं की खासगी? लिंकमधले आकडे ओळीने वाढतात का? त्या माणसाने धमकी लेखी दिली की फक्त फोनवर? तुम्ही त्या एका रिपोर्टनंतर आणखी किती उघडले?

मृण्मयी_गिरगाव · रात्री १०:२१

ट्रस्टचं हॉस्पिटल आहे, नाव लिहीत नाही. आकडे ओळीने आहेत. फोन रेकॉर्ड केला नाही. मी केलेला ईमेल आहे.

नेटवर्कवाला · रात्री १०:२४

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

नेटवर्कवाला · रात्री १०:३८

तोवर दोष काय आहे ते सांगतो. देवळाबाहेरच्या चपलांच्या स्टँडवर बिल्ला न बघता, नुसता तोंडी नंबर ऐकून चपला काढून द्याव्यात, तसा प्रकार आहे. सर्व्हर नंबर ऐकतो आणि कागद काढून देतो, मागणारा कोण हे विचारतच नाही. ओवास्प ही संस्था वेब सॉफ्टवेअरमधल्या दोषांची यादी काढते, तिच्या २०२१ च्या यादीत प्रवेश-नियंत्रणातले दोष पहिल्या क्रमांकावर होते. दुरुस्तीही मोठी नाही. लिंकमध्ये ओळीच्या आकड्याऐवजी लांबलचक, अंदाज न येणारा कोड घालायचा आणि उघडताना रुग्णाच्या मोबाइलवर ओटीपी पाठवायचा. दोघा जणांचं आठवड्याचं काम.

कोकणकडा · रात्री ११:०५

एवढं कशाला? हॉस्पिटलचं नाव आणि स्क्रीनशॉट ट्विटरवर टाका, पालकमंत्र्यांना टॅग करा. सकाळपर्यंत बंद होईल. आपल्याकडे बोंब मारल्याशिवाय काही हलत नाही.

अनुजा_वैद्य_परळ · रात्री ११:३०

कोकणकडा, हा सल्ला कृपा करून देऊ नका. आज रात्री नाव जाहीर केलं तर दुरुस्ती व्हायच्या आत शंभर लोक आकडे बदलून बघतील. त्या बाईचा रिपोर्ट तिच्या चाळीत पोचेल. ज्याच्यासाठी मृण्मयी धडपडतेय तेच उलटं होईल.

मी वकिली करते, म्हणून कायद्याचं लिहिते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००. कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणं आणि माहिती उतरवून घेणं, दोन्ही येतं. तो भरपाईचा, दिवाणी मामला. गुन्हा होतो कलम ६६ खाली, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण ६६ साठी ते कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलेलं असावं लागतं. आकडा चुकला, त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन केला, ईमेल केला, यात कपट कुठे आहे? तो ईमेल जपून ठेव. फोन कधी आला, कोण काय बोललं, ते तारीखवेळेसह आजच लिहून काढ.

कोकणकडा · रात्री ११:४१

म्हणजे गप्प बसायचं? ट्रस्टी लोक मजेत आणि कळवणारी बाई वकील शोधत फिरणार?

अनुजा_वैद्य_परळ · रात्री ११:४४

गप्प बसा असं कुठे म्हटलंय? योग्य दारात जा म्हणतेय.

सदाशिव_रानडे · मंगळवार, सकाळी ७:१५

ते दार म्हणजे सर्ट-इन, केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था. २००४ पासून काम करतेय, कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ७०ब म्हणून आली. दोष कळवण्यासाठी त्यांच्या साइटवर वेगळी व्यवस्था आहे, आणि खासगी संस्थांचे दोषही तिथे कळवता येतात. आणखी एक सांगतो. त्यांच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत संस्थेने स्वतः सर्ट-इनला कळवायचं असतं. ताईंनी शनिवारी फोन केला. सहा तास केव्हाच उलटले.

नेटवर्कवाला · सकाळी ८:०२

काका, आदेशातल्या यादीत माहितीची गळती आहे, अनधिकृत प्रवेश आहे. नुसतं भोक असणं म्हणजे घटना नव्हे, असं हॉस्पिटल म्हणेल.

सदाशिव_रानडे · सकाळी ८:२०

एका परक्या बाईचा रिपोर्ट ताईंनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचला. गळती ती आणखी वेगळी कशी असते?

मृण्मयी_गिरगाव · सकाळी ९:४८

एक गोष्ट काल लिहिली नाही. भीती वाटली. शनिवारी संध्याकाळी माझ्या धाकट्या भावाने, तो इंजिनिअरिंगला आहे, किती रिपोर्ट दिसतात ते बघायला एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पुढचे चाळीस आकडे चालवले, चाळीसही रिपोर्ट लॅपटॉपवर उतरले. त्यातला एक नाव झाकून त्याने कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. तो हात जोडून सांगतोय की फक्त दाखवायला टाकला.

नेटवर्कवाला · सकाळी ९:५३

हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. आत्ताच्या आत्ता सगळं डिलीट करा. ग्रुपवरचं आधी.

अनुजा_वैद्य_परळ · सकाळी १०:०६

थांब! ग्रुपवरचं काढायला सांग, ते बरोबर. लॅपटॉपवरचं आत्ता पुसू नको. त्या माणसाने पोलिसांचं नाव काढलंय. धमकीनंतर पुसलंस तर पुरावा नष्ट केला असं म्हणायला त्यांना जागा मिळेल. फोल्डर कुणी उघडायचा नाही, कॉपी करायची नाही, आणि भावाला घेऊन दुपारी माझ्या ऑफिसला ये. निरोपातून पत्ता देते.

नेटवर्कवाला · सकाळी १०:१५

ॲडव्होकेट, मान्य नाही. चाळीस लोकांचे आजार एका पोराच्या लॅपटॉपवर पडून आहेत. लॅपटॉप लोकलमध्ये चोरीला गेला तर? दोष सिद्ध करायला एक चुकलेला आकडा पुरतो. चाळीस कशाला लागतात?

अनुजा_वैद्य_परळ · सकाळी १०:२२

चाळीस लागत नाहीत, हेच मी त्या मुलाला समोर बसवून सांगणार आहे. पण झालेलं लपवून ती सुटणार नाही. जे केलं ते सर्ट-इनच्या पत्रात सरळ लिहायचं आणि प्रती पुसायच्या का, ते त्याच पत्रात विचारायचं.

विक्रोळी_वेस्ट · सकाळी ११:१०

आपल्या देशात दोष दाखवणाराच आत जातो, हे २०१० मध्येच मुंबईने बघितलंय. मतदान यंत्रात फेरफार होऊ शकतो हे हरि प्रसाद यांनी दाखवलं, आणि ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांनी त्यांना हैदराबादहून उचललं. यंत्र सुरक्षित आहे का हा प्रश्न बाजूला राहिला.

शिवडीचा_बंड्या · सकाळी ११:२५

अर्धीच गोष्ट सांगू नका. यंत्र मुंबईच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या ताब्यातून गेलं होतं, केस चोरीची होती. आणि यंत्र घरी ठेवून कोणीही उघडेल, मतदान केंद्रावर ते जमतं का?

विक्रोळी_वेस्ट · सकाळी ११:३१

मग आयोगाने स्वतःहून तपासायला का दिलं नाही?

शिवडीचा_बंड्या · सकाळी ११:३३

व्हीव्हीपॅट आलं ना नंतर.

संपादक_मंडळ · दुपारी १२:००

मतदान यंत्रांवर वेगळा धागा काढा. इथले पुढचे ११ प्रतिसाद हलवले आहेत.

अवनी_कुलकर्णी_लायडन · दुपारी १:४०

मी नेदरलँड्समध्ये राहते म्हणून लिहावंसं वाटलं. इथल्या सरकारी सायबर केंद्राने २०१३ मध्येच नियम लिहून जाहीर केले: दोष सापडला तर आम्हाला सांगा, गरजेपेक्षा जास्त माहिती काढू नका, दुरुस्तीपर्यंत बाहेर बोलू नका. हे पाळणाऱ्याच्या मागे सरकार तक्रार घेऊन लागत नाही, उलट एक टी-शर्ट पाठवतं. अमेरिकेत सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राच्या नागरी खात्यांना असं धोरण जाहीर करायला लावलं, आणि मे २०२२ मध्ये तिथल्या न्याय खात्याने सांगितलं की सद्‌हेतूने दोष शोधणाऱ्यावर खटला भरणार नाही. मृण्मयीच्या भावाला "गरजेपेक्षा जास्त काढू नका" ही एक ओळ आधी वाचायला मिळाली असती तर चाळीसच्या जागी एकावर थांबला असता.

सदाशिव_रानडे · दुपारी २:०५

आपल्याकडेही मे २०२० मध्ये आरोग्य सेतूचा कोड खुला करून दोष शोधणाऱ्यांना बक्षीस जाहीर केलं होतं. म्हणजे सरकारला हे करता येतं. पण एका ॲपपुरतं करून भागत नाही. कायद्यात लिहायला हवं की सद्‌हेतूने कळवणाऱ्यावर ४३ आणि ६६ लागणार नाही. तोवर प्रत्येकाला हॉस्पिटलच्या मर्जीवर राहावं लागणार.

कोकणकडा · दुपारी २:१८

नवीन डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटी दंड आहे ना? ठोका की.

अनुजा_वैद्य_परळ · दुपारी २:५०

कायदा २०२३ चा, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य जबाबदाऱ्यांना नियमांपासून १८ महिन्यांची मुदत आहे. २५० कोटी ही वरची मर्यादा, तीही सुरक्षेची वाजवी काळजी न घेण्याबद्दल. या आठवड्यात या केसला त्याचा उपयोग नाही.

लॅबवाली · संध्याकाळी ६:३०

मी अशाच एका कंपनीत सहा वर्षं काम केलं, दुसऱ्या शहरात. टेंडर सगळ्यात कमी बोलीवर जातं. आम्ही "सुरक्षा तपासणी" असा खर्च लिहिला की पहिली काट त्याच ओळीवर बसायची. २०२० मध्ये ग्रीनबोन या जर्मन कंपनीने उघड्यावर पडलेल्या वैद्यकीय प्रतिमा शोधल्या, त्यात भारतातल्या राज्यांत महाराष्ट्र सगळ्यात वर होता. ऑफिसात ती बातमी मी छापून भिंतीला लावली. दोन दिवसांनी कुणीतरी काढली. त्या फोनवाल्या माणसाचा आवाज मला ओळखीचा वाटतोय. तो ओरडतो कारण त्यालाही वरून कुणीतरी ओरडलेलं असतं. मृण्मयी, पत्राची प्रत ट्रस्टच्या अध्यक्षांना रजिस्टर्ड पोस्टाने पाठव. ईमेल पुरत नाही. कागद टेबलावर आला की शिक्का मारावा लागतो.

ठाणेकर_विनय · संध्याकाळी ७:०१

१९३० वर ही तक्रार घेतात का?

मृण्मयी_गिरगाव · शुक्रवार, रात्री १०:१५

अनुजाताईंकडे जाऊन आलो. भाऊ रडला. पत्रात सगळं लिहिलं, चाळीस आकडेही, आणि ग्रुपचंही. रुग्णाचं नाव एकही घातलं नाही. सर्ट-इनकडून क्रमांक आला. अध्यक्षांच्या पत्राची पोचपावती आज मिळाली, निळा शिक्का आहे. त्या माणसाचा पुन्हा फोन नाही.

आज बाबांची लिंक टाकली तर "देखभालीसाठी बंद" असं येतंय. बंद केलं ते बरंच झालं. पण सोमवारी बाबांची डॉक्टरांकडे अपॉइंटमेंट आहे आणि रिपोर्ट तिथेच अडकलाय. आता कुणाला फोन करू? माझं नाव ऐकलं तर देतील का?

लॅबवाली · रात्री १०:२२

फोन करू नको. उद्या सकाळी आठला काउंटर उघडतो तेव्हा बाबांना सोबत घेऊन जा. केस पेपर आणि पैसे भरल्याची पावती ने. प्रिंट लॅबच्या कॉम्प्युटरवरून निघते, त्याला लिंक लागत नाही.