मदत हवी आहे: पॉलिसी अ‍ॅडव्हायझरच्या मुलाखतीसाठी ब्रीफ

चंचुपात्र
सोमवारी सकाळी मुलाखत आहे म्हणून घाईत लिहितेय. केमिस्ट्रीच्या एका संस्थेत पॉलिसी अ‍ॅडव्हायझरची जागा आहे. पीफासवर दोन पानी ब्रीफ, म्हणजे धोरणाचं छोटं टिपण, मागितलाय. माझं पहिलं पान कार्बन-फ्लोरीन बंधातच संपलं! दोन पानांत एवढं सगळं कसं बसवतात? नमुना आहे का कोणाकडे? प्लीज लवकर सांगा.

लोकलचा_डबा
कुठल्या देशात? ब्रीफ वाचणार कोण? आणि पीफास म्हणजे काय हेही सांगा, सगळे इथे केमिस्ट नाहीत.

खडूफळा
आधी पीएचडी, मग पोस्टडॉक, मग सल्ले. ज्याने कधी एनएमआरची (रेणूंची रचना तपासायच्या यंत्राची) नळी धुतली नाही त्याने मंत्र्यांना शहाणपण शिकवू नये, हे माझं स्पष्ट मत.

चंचुपात्र
पीएचडी झालीय सर, ऑर्गनोफ्लोरीनमध्येच, म्हणजे फ्लोरीन असलेल्या कार्बनी संयुगांवर. नळ्या भरपूर धुतल्यात.

वैशाखवणवा
डीएसटीची, म्हणजे केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान खात्याची, एसटीआय पॉलिसी फेलोशिप असते, तिथे अर्ज टाका. 2020 ला आपल्याकडे रसायनांच्या नियमांचा मसुदा फिरत होता, त्यात डोकं घालणारी माणसं हवीच आहेत. माझा भाचा तिकडूनच लागला.

चंचुपात्र
भारतात नाही हो, ब्रिटनमध्ये. ब्रीफ खासदारांसाठी. विषय पिण्याचं पाणी. आणि लोकलचा_डबा, पीफास म्हणजे कार्बन-फ्लोरीन बंध असलेली मानवनिर्मित रसायनं, हा बंध सहज तुटत नाही म्हणून ती पाण्यात टिकून राहतात.

टेम्सकाठ
मग हे पहिल्याच पोस्टमध्ये नको का लिहायला? पीएचडी करताना मी पार्लमेंटच्या सायन्स अँड टेक्नॉलॉजी ऑफिसात इंटर्नशिप केली. त्याला सगळे नुसतं 'पोस्ट' म्हणतात. तिथली पोस्टनोट, म्हणजे खासदारांसाठीचं टिपण, चार पानी, आणि तिच्यात शिफारस करायची नसते. दोन्ही बाजू मांडायच्या आणि गप्प बसायचं. तुमचं उलट आहे, संस्थेला काहीतरी मागायचं असतं. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने 2023 ला काय मागितलं बघा: प्रत्येक पीफासची मर्यादा लिटरला 100 नॅनोग्रॅमवरून 10 वर आणा, आणि सगळ्यांची बेरीज 100 च्या वर नको. बस्स. तुमची मागणी अशीच पहिल्या परिच्छेदात हवी. त्याखाली ती पुरी कोण करणार ते, म्हणजे डेफ्रा, इथलं पर्यावरण खातं. मग खर्च, कारण पाणीपट्टी किती वाढेल हे खासदार हमखास विचारतो. बंधबिंध शेवटी, दोन ओळींत.

खडूफळा
मग केमिस्ट कशाला? पत्रकार नेमा की.

टेम्सकाठ
सर, केमिस्ट अशासाठी की समोरचा विचारतो, "कार्बन फिल्टरने जात नाही का हे?" लांब साखळीचे रेणू बऱ्यापैकी अडकतात, आखूड साखळीचे लवकर निसटतात आणि मग कार्बन वारंवार बदलावा लागतो. हे उभ्या उभ्या सांगता आलं पाहिजे.

गुळांबा
टेफ्लॉनचा तवा फेकावा का? सासूबाई ऐकत नाहीत.

लोटेकर
तव्याचं काय घेऊन बसलात! इटलीतली मितेनी कंपनी पीफासच्या प्रदूषणात अडकली, 2018 ला दिवाळखोरीत गेली आणि तिची यंत्रं आमच्या लोटे एमआयडीसीत आली. त्यावर कोण ब्रीफ लिहिणार? आमच्याकडे कोणी मुलाखत घेत नाही.

लोकलचा_डबा
वेगळा धागा काढा ना. तिथे मीही लिहीन.

गुळांबा
तव्यावरचा काळा थर पीफासचाच ना? म्हणूनच विचारतेय.

चंचुपात्र
टेम्सकाठ, अमेरिकेने 2024 ला मर्यादा लिटरला 4 नॅनोग्रॅम ठरवली. मग तुम्ही 10 वर का थांबता, असं विचारलं तर?

टेम्सकाठ
विचारणारच. ती 4 फक्त पीएफओए आणि पीएफओएस या दोन पीफासना, प्रत्येकी. त्यांचं आरोग्याचं उद्दिष्ट शून्य आहे, पण लॅबला खात्रीने मोजता येईल अशी पातळी म्हणून 4 धरली. 10 ची मागणी प्रत्येक पीफासला आहे, आणि वर बेरजेची अट. तेव्हा 4 आणि 10 शेजारी शेजारी लिहून तुलना करू नका, पॅनलवर एखादा मोजमापातला केमिस्ट असला तर तिथेच धरेल. मसुदा इथे टाका, रात्री बघतो. पहिलं पान नाही टाकलंत तरी चालेल.