लोकल आणि जिमसाठी पॉडकास्ट निवडायचे कसे?

डोंबिवली_जलद
सकाळी डोंबिवली ते सीएसएमटी जलद लोकल, तास-सव्वा तास, बहुतेक उभ्यानेच. संध्याकाळी जिम: २० मिनिटं ट्रेडमिल, मग ४० मिनिटं वजनं. ‘ऐकायलाच हवेत असे पॉडकास्ट’ छापाच्या याद्या ढिगाने मिळतात, पण त्यातले निम्मे गाडीत डोक्यात शिरत नाहीत. आवड इतिहास, अर्थकारण, थोडं विज्ञान. मराठी, हिंदी, इंग्रजी काहीही चालेल. फोन अँड्रॉइड, इअरफोन साधे वायरवाले. नावं सुचवाच, पण निवडताना नेमकं काय बघायचं ते कळलं तर जास्त बरं.

कानसेन
विषय नंतर. आधी भागाची बांधणी बघा, कारण गाडीत लक्ष सलग मिळत नाही.

गोष्टीसारखे रचलेले पॉडकास्ट (एक निवेदक, मध्ये ध्वनिमुद्रणांचे तुकडे, पार्श्वसंगीत) घट्ट विणलेले असतात. ठाण्याला दारात रेटारेटी झाली, अर्धा मिनिट कान तिकडे गेला, की कोण बोलतंय आणि कशाबद्दल हेच कळेनासं होतं. दोघा-तिघांच्या गप्पांचं तसं नाही. माणसं बोलताना मुद्दा फिरून फिरून मांडतात, त्यामुळे मधला तुकडा हुकला तरी चालतं. मुलाखती या दोन्हींच्या मधल्या. उभ्याने जाताना गप्पा किंवा मुलाखत ठेवा, रचलेली गोष्ट बसायला मिळेल तेव्हासाठी किंवा ट्रेडमिलसाठी.

दुसरं, भाषा. गोंगाटात परक्या भाषेतलं बोलणं मातृभाषेपेक्षा बरंच कमी कळतं. आवाजात बुडालेला शब्द मराठीत आपण संदर्भाने भरून काढतो. अनोळखी उच्चारांच्या इंग्रजीत ते जमत नाही, आणि दोष मात्र ‘कंटाळवाणा आहे’ म्हणून पॉडकास्टच्या माथी जातो. म्हणून गाडीत मराठी-हिंदी, शांत जागी इंग्रजी.

तिसरं, लांबी. प्रवास ७० मिनिटांचा असला तरी ऐकायचा वेळ तेवढा नसतो. चढून वरची कडी पकडेपर्यंत पहिली काही मिनिटं जातात, आणि दादरला उतरणाऱ्यांची हालचाल कुर्ल्यापासूनच सुरू होते. हाती ४५-५० मिनिटं धरा. तासाभराचा भाग १.२ पट वेगाने बरोबर ५० मिनिटांत बसतो.

नवीन पॉडकास्ट पारखायला तीन भाग पुरतात: एक ताजा, एक साधारण वर्षापूर्वीचा, आणि एक तुम्हाला स्वतःला चांगल्या माहीत असलेल्या विषयावरचा. या तिसऱ्यात सूत्रधार किती पाण्यात आहे ते लगेच दिसतं. पाहुणा काहीतरी ढोबळ बोलून गेला आणि सूत्रधाराने ‘वा, क्या बात है’ म्हणून पुढचा प्रश्न घेतला, तर बाकीच्या भागांतही तेच होणार. ताज्या आणि जुन्या भागाची तुलना करताना जाहिराती किती वाढल्या तेही बघा.

नावं: हिंदीत ‘पुलियाबाजी’ (धोरण, अर्थकारण, गप्पांचा बाज, लोकलला चपखल). मराठीत ‘थिंक बँक’च्या मुलाखती. बीबीसीचा ‘इन अवर टाइम’ १९९८पासूनचा आहे, एका विषयावर तीन अभ्यासक बोलतात आणि बहुतेक भाग पाऊण तासाच्या आसपास संपतात. इतिहास-विज्ञानाला उत्तम, पण घट्ट आहे, गर्दीत नको. अमित वर्मांच्या ‘द सीन अँड द अनसीन’चे भाग कित्येक तासांचे असतात. ते एका फेरीत संपवायच्या नादी लागू नका, आठवडाभर पुरवून ऐका.

वजनदार_वांगं
जिमबद्दल. ट्रेडमिल आणि वजनं यांना एकच भाग लावू नका.

ट्रेडमिलवर पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच दम लागत असेल, तर कसंही गुंतागुंतीचं ऐका, चालतं. चढ वाढवला, इंटरव्हल (आलटूनपालटून जोरात आणि हळू पळणं) सुरू केले, की ऐकलेलं डोक्यात राहत नाही. वजनांच्या वेळी अडचण वेगळी. आपण आकडे मनातल्या मनात शब्दांतच मोजतो आणि ऐकणंही शब्दांचंच असतं. दोन्हींचा रस्ता एकच, म्हणून आठवा होता की नववा ते विसरतं. जड सेटला गाणी लावा, साधारण १२० ते १४० ठोके प्रति मिनिट. पॉडकास्ट हवाच असेल तर हलक्या सेटना आणि शेवटच्या स्ट्रेचिंगला.

आणखी एक युक्ती, अभ्यासातून आलेली. वर्तनशास्त्राच्या अभ्यासक केटी मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात प्रयोग केला, २०१४ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला उत्कंठावर्धक ऑडिओबुकं फक्त जिममध्येच ऐकायला दिली. सुरुवातीला त्या गटाच्या जिमच्या फेऱ्या तुलनेच्या गटापेक्षा ५१ टक्क्यांनी जास्त झाल्या. पुढे परिणाम ओसरत गेला, विशेषतः मोठ्या सुट्टीनंतर. तेव्हा सगळ्यात गुंतवणारी मालिका जिमपुरतीच राखून ठेवा, घरी किंवा गाडीत अजिबात उघडू नका. सुट्टीवरून आलात की नवी मालिका घ्या.

वायरबद्दल: पळताना वायर शर्टला घासते आणि तो खरखराट थेट कानात येतो. वायर कानामागून वळवून घ्या आणि कॉलरला चिमटा लावा. डेडलिफ्टला (जमिनीवरून बार उचलताना) वायर शर्टच्या आतून, नाहीतर बारमध्ये अडकते.

फीडवाला
निवड कितीही चांगली असो, सोय नीट नसेल तर लोकलमध्ये फसते. गर्दीत फोन खिशातून काढता येत नाही हे धरून चाला.

अँड्रॉइडवर ‘अँटेनापॉड’ घ्या. फुकट आहे, जाहिराती नाहीत. (गूगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये बंद झालं, जुन्या याद्यांतल्या त्याच्या लिंका सोडून द्या.) मग एवढं करा. ऑटो डाउनलोड चालू, फक्त वायफायवर. फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये या अ‍ॅपवरचे निर्बंध काढा, नाहीतर बरेच फोन त्याला रात्री झोपवतात आणि सकाळी रांग (ऐकायच्या भागांची यादी) रिकामी मिळते. रांगेत निघण्यापूर्वीच दोन भाग लावा: एक ठरवलेला, एक राखीव.

इअरफोनच्या बटणावर दोनदा दाबलं की काय व्हावं हे प्लेबॅकच्या सेटिंगमध्ये बदलता येतं. तिथे ‘पुढचा भाग’ असेल तर काढून ‘३० सेकंद पुढे’ करा. नाहीतर जाहिरात टाळायला दाबता आणि अख्खा भागच उडतो. प्रत्येक पॉडकास्टच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये वेग, सुरुवातीची किती सेकंदं वगळायची आणि आवाजाची वाढ वेगवेगळी ठेवता येते. एकाच खोलीत एका माइकवर केलेल्या मुलाखतीत पाहुण्याचा आवाज खोल जातो, त्याला ही वाढ कामाची. ‘शांतता वगळा’ गप्पांना ठीक, पण गोष्टीला लावू नका, निवेदकाने मुद्दाम घेतलेला विराम नाहीसा होतो.

जागेचा हिशोब: १२८ केबीपीएसचा (हा आकडा जितका मोठा, तितकी फाइल मोठी) तासाभराचा भाग म्हणजे साधारण ५८ एमबी, ६४चा असेल तर निम्मा. आठवड्याचे दहा भाग म्हणजे ६०० एमबीच्या आत, ऐकून झाले की आपोआप पुसायला लावा.

एक अडचण राहतेच. फक्त यूट्यूबवर किंवा फक्त स्पॉटिफायवर असलेले कार्यक्रम अँटेनापॉडमध्ये येत नाहीत. व्हिडिओ म्हणूनच बनवलेल्या मराठी कार्यक्रमांत ‘हा फोटो बघा’ प्रकार बराच असतो. दहा मिनिटं स्क्रीन उलटी ठेवून ऐका, दोनदा अडलात तर तो खिशातला कार्यक्रम नाही.

मोटरमन_नाही
@कानसेन, बाकी सगळ्याला +१, फक्त १.२ पट वेग पहिल्याच दिवशी नको. गोंगाटात वेग वाढवला की जोडाक्षरं आणि शब्दांचे शेवट आधी गळतात. नवा आवाज आठवडाभर १ पटच ठेवा.

वेगापेक्षा इअरफोनची टोपी (कानात बसणारं मऊ टोक) बदला. सोबत आलेल्या तीन मापांतली बहुतेकजण मधलीच वापरतात. बोलणं सुरू ठेवून टोपी हलकेच दाबून बघा. दाबल्यावर आवाज भरदार झाला तर टोपी सैल बसतेय, मोठं माप लावा. फोमची टोपी रुळांचा आवाज आणखी अडवते, पण घामाने लवकर खराब होते, जिमला सिलिकॉनच. बाहेरचा आवाज अडला नाही तर माणूस व्हॉल्यूम वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, ९० डेसिबल फक्त ४ तास. तुमचा एकतर्फी प्रवासच आठवड्याला सहा तासांच्या आसपास जातो.

फलाटावर एक कान मोकळा. घोषणा ऐकू आली नाही तर बदललेला फलाट हुकतो. दुचाकीवर तर कानात काहीच नको.

डोंबिवली_जलद
भरपूर मिळालं, आभारी आहे. मधली टोपीच लावलेली आहे, बदलतो. एक राहिलं: आवडला नाही तर भाग किती वेळाने सोडायचा?

कानसेन
गप्पांत सुरुवातीची ओळख-पाळख उडवून पुढची दहा मिनिटं द्या. गोष्ट असेल तर पहिला भाग पूर्ण ऐका, पण बसून. आणि भाग गर्दीत सोडला असेल तर लगेच अनसबस्क्राइब करू नका, एकदा ट्रेडमिलवर लावून बघा.