सोंगट्या कोणत्या घ्याव्यात? वर्गात आणि घरी, दोन्हीकडे चालतील अशा हव्या आहेत

नमस्कार. मी दुसरीच्या वर्गाला शिकवते. ३२ मुलं, चार-चारांचे आठ गट. लुडो खेळायचा तर प्रत्येक गटाला १६ सोंगट्या, म्हणजे १२८. नऊ घरांचा शब्द-बिंगो (पुकारलेला शब्द आपल्या कार्डावर शोधून सोंगटीने झाकायचा) खेळायचा तर प्रत्येक मुलाला नऊ, म्हणजे २८८ लागतात. आजवर कागदाचे कपटे, बटणं, बाटल्यांची झाकणं यांवर भागवलं. कपटे पंख्याने उडतात. झाकणाखाली शब्द दिसत नाही, मग मुलं ते उचलून बघतात आणि परत ठेवताना भलत्याच घरात ठेवतात.

यंदा एकदाच नीट संच घ्यायचाय. पारदर्शक प्लॅस्टिकच्या रंगीत चकत्या मनात भरल्यात, कारण खालचा शब्द वाचता येतो. पण त्या इतक्या पातळ असतात की गुळगुळीत बाकावरून उचलायला मुलांना नखाने खरवडावं लागतं. लाकडी हाताला छान लागतात, पण धुतल्या की फुगतात. फोमच्या वाजत नाहीत, पण कुरतडल्या जातात.

अडचणी दोन आहेत. वर्गातल्या एका मुलाला लाल आणि हिरवा वेगळा ओळखता येत नाही. सोंगटी हलवायच्या आधी तो दर वेळी शेजारच्याच्या चेहऱ्याकडे बघायचा. मला वाटलं नियम विसरतोय, म्हणून दोन दिवस त्याला नियमच समजावत बसले. त्याचं अजून वाईट वाटतं.

दुसरी घरची. मुलगी दीड वर्षाची आहे, दिसेल ते तोंडात घालते. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी ज्या नळीत घालून तपासतात, तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. तीत पूर्ण मावणारी वस्तू धोक्याची धरतात. म्हणून साडेतीन सेंटीमीटरच्या चकत्या बघितल्या. पण आमचा पट ३० सेंटीमीटरचा, एका बाजूला १५ घरं, म्हणजे घर जेमतेम दोन सेंटीमीटरचं. इथेच गाडी अडलीय. काय करावं?

प्रतिसाद १
चकती लहान करण्यापेक्षा पट मोठा करा. चार सेंटीमीटरची १५ घरं म्हणजे ६० सेंटीमीटर. जाड कापडावर आखलात तर गुंडाळून ठेवता येईल, आणि कापडावरून पातळ चकतीही पटकन उचलली जाते. मोठी चकती असली तरी बाळ जवळ असताना डबा वरच ठेवा. चुंबकाच्या सोंगट्या मात्र नकोतच. दोन चुंबकं पोटात गेली तर आतडं त्यांच्यामध्ये चिमटतं, ऑपरेशनची वेळ येते.

प्रतिसाद २
रंगाच्या जोडीला खूण द्या: लालला टिंब, हिरव्याला फुली, पिवळ्याला रेघ, निळा कोरा. पारदर्शक चकतीवर एकाच बाजूला काढली तरी दोन्हीकडून दिसते. पटावरच्या घरांनाही त्याच खुणा करा. आणि हे फक्त त्या मुलाच्या गटापुरतं नको, आठही संचांवर करा. नाहीतर ‘त्याच्या सोंगट्या वेगळ्या’ असं होईल.

धागाकर्ती
आठही संचांवर करायचं मला सुचलंच नव्हतं, मनापासून आभार. पट शनिवारी आखायला घेते. एकच विचारते: पक्क्या मार्करची खूण साबणाच्या पाण्यात टिकते का, की सुईने कोरून त्यात रंग भरू? कुणी करून पाहिलं असेल तर सांगा.